‘दिसलाच नाही हो!’



व्याख्यानांच्या यादीत आमचा विषय वाचून कित्येकांना हसू आले असेल. इतिहास, वेदान्त आणि अर्थकारण यांच्या पंगतीत ही मोटारसायकल कोठून येऊन बसली, असेही कोणी म्हटले असेल. परंतु सभागृहाबाहेर लावलेल्या दुचाक्यांच्या रांगा ज्यांनी येताना पाहिल्या, त्यांना हा विषय परका वाटणार नाही. वेदान्त ऐकून निघालेल्या श्रोत्यालाही शेवटी घरी पोचायचे असते, आणि पुण्यात तो बहुधा दोन चाकांवरूनच पोचतो. या गावात नुसते ‘गाडी’ म्हटले की ती दुचाकीच समजायची; मोटारीला मुद्दाम ‘फोर व्हीलर’ म्हणून वेगळे दाखवावे लागते. भाषेने दिलेला हा मान रस्त्याने मात्र दिलेला नाही.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात आपल्या देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यावरील अपघातांत दगावली. त्यांपैकी शेकडा ४४.५ दुचाकीवर बसलेली होती. म्हणजे दिवसाला दोनशेवर माणसे झाली. हे सर्व मोटारींनीच मारले असे आम्ही म्हणत नाही. त्यांत मालमोटारी आहेत, खड्डे आहेत, दारू आहे, स्वाराचा स्वतःचा आततायीपणाही आहे. आज आम्ही त्यांपैकी एकाच प्रकाराविषयी बोलणार आहोत. स्वार आपल्या बाजूने, बेताच्या वेगाने, नीट चालला आहे, आणि मोटारवाल्याचे लक्ष नाही. हा प्रकार शहरात नित्याचा आहे, आणि त्याचा विचार मात्र फार थोडा झालेला आहे.

अशा अपघातानंतरचे दृश्य आपण पाहिलेच असेल. माणसे जमतात, कोणी पाणी आणतो, कोणी आडवी पडलेली गाडी उभी करतो, आणि मोटारीतून उतरलेला गृहस्थ पांढऱ्याफटक चेहऱ्याने सांगत असतो, “अहो, दिसलाच नाही हो!” जमाव चिडतो. एवढा धडधाकट माणूस, एवढे लखलखीत ऊन, आणि म्हणे दिसला नाही! आमचे म्हणणे असे की, तो गृहस्थ बहुतेक वेळा खरे बोलत असतो, आणि म्हणूनच गोष्ट जास्त भयंकर आहे. खोटे बोलणाऱ्याला कायद्याचा धाक घालता येतो. ज्याला समोरचे खरोखरच दिसले नाही, त्याला कोणता धाक घालणार?

हे केवळ आमचे अनुमान नव्हे. अमेरिकेत लॉस एंजेलिस शहरात हॅरी हर्ट या प्राध्यापकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोटारसायकलींच्या नऊशे अपघातांचा तपास प्रत्यक्ष जागेवर जाऊन केला आणि १९८१ साली अहवाल प्रसिद्ध केला. दुसऱ्या वाहनाशी झालेल्या टकरींपैकी दोनतृतीयांश टकरींत हक्क मोटारसायकलवाल्याचा होता आणि तो दुसऱ्या वाहनाने मोडला होता. कारणांत अग्रभागी एकच गोष्ट होती. मोटारसायकल त्या चालकाला दिसली नव्हती, किंवा दिसली तेव्हा वेळ गेलेली होती. सर्वांत अधिक आढळलेला प्रसंगही ठरावीक होता. मोटारसायकल सरळ येत आहे आणि समोरची मोटार तिच्या वाटेतून आडवी वळत आहे. तिकडे वाहने उजवीकडून चालतात, म्हणून ते वळण डावे. आपल्याकडे तेच उजवे समजावे. पुढे १९९९ आणि २००० साली युरोपातील पाच देशांत ९२१ अपघात तपासले गेले. त्यांत निम्म्या अपघातांचे मूळ दुसऱ्या वाहनाच्या चालकाच्या चुकीत सापडले, आणि त्या चुकांपैकी शेकडा सत्तरांहून अधिक चुका समोरची दुचाकी न जाणवण्याच्या होत्या. त्याच तपासात असेही आढळले की, ज्या मोटारवाल्यांकडे दुचाकीचाही परवाना होता, त्यांच्या हातून ही चूक कमी घडली. हे वाचून आम्हांला आपल्या शहराविषयी आशा वाटली खरी, कारण इथला मोटारवाला बहुधा काल-परवापर्यंत स्कूटरवालाच होता. पण मोटारीची काच वर गेली, आतला थंडावा सुरू झाला, की पूर्वजन्माचे स्मरण फार झपाट्याने पुसले जाते, असाही अनुभव आहे.

आता डोळ्यांसमोरची गोष्ट दिसत नाही ती का? घरी गेल्यावर आपण एक प्रयोग करून पाहावा. आरशासमोर उभे राहून आधी आपल्याच डाव्या डोळ्यात पाहावे, मग उजव्या, मग पुन्हा डाव्या. आपले डोळे हलत आहेत हे आपल्याला काही केल्या दिसणार नाही. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला मात्र ते स्पष्ट दिसेल. डोळा एका जागेवरून दुसऱ्या जागेवर उडी मारतो, त्या उडीच्या काळात मेंदू जणू पडदा टाकतो, आणि पडदा टाकल्याचा पत्ताही आपल्याला लागू देत नाही. चौकातला घाईतला चालक मान झटकन उजवीकडे फिरवतो, झटकन डावीकडे फिरवतो आणि निघतो. त्याला वाटते, आपण सगळा रस्ता पाहिला. वास्तविक त्याने रस्त्याचे चार-दोन तुकडे पाहिलेले असतात, आणि मधले मेंदूने आपल्या पदरचे भरलेले असते. बस त्या मधल्या फटीत मावत नाही. दुचाकी मावते.

त्यात मोटारीच्या पुढच्या काचेशेजारचा खांब आडवा येतो. छप्पर तोलणारा हा खांब हल्लीच्या मोटारींत चांगला जाडजूड असतो, आणि थोड्या अंतरावरची सबंध दुचाकी स्वारासकट त्यामागे झाकली जाते. चालकाने मान थोडी पुढे-मागे केली तर ती दिसेल. पण मान हलवण्याचे कष्ट किती जण घेतात?

तिसरे कारण मनाचे आहे. १९९९ साली सायमन्स आणि शॅब्रिस या दोन मानसशास्त्रज्ञांनी काही लोकांना चेंडूफेकीचे एक चित्रण दाखवून फेकी मोजायला सांगितल्या. खेळाडूंच्या मधून गोरिलाचा वेष घेतलेली व्यक्ती चालत आली, छाती बडवून निघून गेली, आणि पाहणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना तिचा पत्ताही लागला नाही. चालकाचे मन चौकात बस आणि मोटारी मोजत असते. त्याला भय त्यांचेच असते.

आणि दिसली तरी तिचा अंदाज चुकतो. लहान वस्तू दूर वाटते, आणि सरळ अंगावर येणाऱ्या लहान वस्तूचा वेग तर मुळीच कळत नाही. ती बराच वेळ ठिपक्यासारखी जागच्या जागी असते आणि शेवटच्या क्षणी एकदम मोठी होते. मोटार आणि मोटारसायकल सारख्याच अंतरावरून सारख्याच वेगाने येत असल्या, तरी मोटारसायकल उशिरा पोचेल असे पाहणाऱ्याला वाटते, हे प्रयोगांत दिसून आलेले आहे. संध्याकाळी तर आणखी घोटाळा. आपला एकुलता एक दिवा मागून येणाऱ्या मोटारीच्या दोन दिव्यांत मिसळून जातो.

या सर्वांवर कडी म्हणजे हातातला फोन. टोरांटोतील एका अभ्यासात १९९७ सालीच असे निघाले की, फोनवर बोलत असताना टक्कर होण्याचा धोका सुमारे चौपट होतो, आणि फोन हातात न धरता बोलल्याने त्यात काही सुधारणा आढळली नाही. गुंतलेले असते ते मन; हात नव्हे. आज भाड्याच्या मोटारींचे चालक समोर नकाशा लावून एक डोळा त्यावर आणि एक रस्त्यावर ठेवतात. गिऱ्हाईक डाव्या हाताला दिसले की गाडी तशीच डावीकडे घेतात. त्यांचे पोट त्यावर आहे, हे आम्ही जाणतो. पण त्या डाव्या बाजूने कोणाची मुलगी कॉलेजला चाललेली असते.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. चूक त्याची, आणि सावधगिरी आम्ही का बाळगायची? दुबळ्यानेच नेहमी अंग चोरायचे काय? आम्हांला वाटते, येथे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. दोष कोणाचा, हा अपघातानंतरचा प्रश्न. तो न्यायालयाने सोडवावा, आणि त्यात मोटारवाल्याला यत्किंचित सवलत देऊ नये. अपघातापूर्वीचा प्रश्न निराळा आहे. पुढच्या दोन सेकंदांत काय होऊ शकते, एवढाच तो प्रश्न, आणि तो सोडवायला चौकात स्वाराखेरीज दुसरे कोणी हजर नसते. दोन सेकंद हे आम्ही अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. हर्ट यांच्या अहवालात धोका उभा राहिल्यापासून टक्कर होईपर्यंत स्वाराच्या हाती सामान्यतः दोन सेकंदांहूनही कमी वेळ सापडलेला आहे.

तेव्हा तो प्रसंगच सविस्तर पाहू. आपण सरळ चाललो आहोत. समोरून आलेली मोटार चौकात, किंवा दुभाजकाच्या फटीपाशी, उजवीकडे वळण्यासाठी थांबली आहे. चालकाने आपल्याकडे पाहिले, नजरानजर झाली, आणि आपण निश्चिंत झालो. येथेच घात होतो. त्याचे डोळे आपल्या दिशेला होते एवढेच त्यावरून सिद्ध होते; आपण त्याला दिसलो हे सिद्ध होत नाही. म्हणून जाणते स्वार चालकाच्या डोळ्यांपेक्षा मोटारीच्या पुढच्या चाकाकडे पाहतात. चाक फिरू लागले की ते लगेच कळते. चाकाला मनातले लपवता येत नाही. तेवढ्यात आपण ॲक्सिलरेटर सोडलेला असावा आणि बोटे ब्रेकवर असावीत, दाबलेली नव्हे, नुसती टेकलेली. शक्य असेल तर आपल्याच पट्ट्यात थोडे डावीकडे सरकावे. त्याने दोन कामे होतात. मधले अंतर वाढते, आणि आपण मागच्या देखाव्यावरून आडवे सरकल्यामुळे ठिपका हलतो. जागच्या जागी वाढणाऱ्या ठिपक्यापेक्षा आडवा हलणारा ठिपका डोळ्याला लवकर टोचतो.

बसच्या अगदी मागे चिकटून चौक ओलांडणे हे त्याहून वाईट. वळण्यासाठी थांबलेल्या मोटारवाल्याला बस दिसते, बस गेलेली दिसते, आणि तो निघतो. बसच्या आड आणखी कोणी आहे हे त्याला कोणी सांगितले? उलट बस किंवा मोठी मोटार आपल्या उजव्या हाताला, बरोबरीने चौक ओलांडत असेल, आणि ती स्वतः डावीकडे वळणार नाही याची खात्री असेल, तर ती आपली ढाल होते. मोठ्यांच्या आश्रयाने चालण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

आता वेगाचा हिशेब. ताशी चाळीस किलोमीटर म्हणजे सेकंदाला अकरा मीटर. धोका ओळखून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला असे धरले, आणि कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक लागला, तर गाडी सुमारे एकवीस मीटरांवर थांबते. वेग साठ असेल तर थांबायला चाळीस मीटर लागतात. दीडपट वेगाला जवळजवळ दुप्पट अंतर, येथपर्यंत बहुतेकांना ठाऊक असते. पण याच हिशेबाची दुसरी बाजू पाहावी. ज्या जागी चाळिसाची गाडी संपूर्ण थांबलेली असते, त्याच जागी साठाची गाडी अजून पन्नासाहून अधिक वेगाने चाललेली असते. एकाचा धक्का चुकतो, आणि दुसऱ्याला तो जवळजवळ पूर्ण बसतो. कर्वे रस्त्यावर दोन सिग्नलांच्या मध्ये साठ गाठून आपण पुढच्या लाल दिव्यापाशी त्याच मंडळींच्या शेजारी येऊन थांबतो, हे तर आपण रोजच पाहतो.

ब्रेकविषयी एक गैरसमज आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलेला आहे. ‘पुढचा ब्रेक मारू नकोस, उलटशील,’ असे गाडी शिकवणारा काका शिकणाऱ्या पुतण्याला सांगतो. वास्तविक ब्रेक लागताच गाडीचा भार पुढे जातो, मागचे चाक हलके होते, आणि गाडी थांबवण्याची बहुतेक ताकद पुढच्या चाकाकडे येते. नुसता मागचा ब्रेक करकचून दाबला की मागचे चाक फरफटते आणि गाडी आडवी होते. हर्ट यांना हेच आढळले होते: मागचा ब्रेक वाजवीपेक्षा जास्त आणि पुढचा वाजवीपेक्षा कमी. दोन्ही ब्रेक एकदम, पुढचा क्रमाक्रमाने वाढवत दाबण्याचा सराव रविवारी सकाळी मोकळ्या मैदानावर करावा. पहिल्या पावसाने रस्त्यावरचे तेल आणि धूळ वर आलेली असते, तेव्हा हाच हात आणखी हलका लागतो. नव्या गाड्यांत दोन्ही ब्रेक जोडलेले असतात किंवा चाक न अडकण्याची सोय असते, ती चांगलीच आहे. पण दाबायचे काम अजून माणसाकडेच आहे.

सिग्नलपाशी डावीकडच्या फटीतून पुढे घुसण्याची आपली सवय तर सर्वश्रुत आहे. डावीकडे वळणारी मोटार तेथेच चिरडते. पुष्कळ मोटारींचा डावा आरसा मिटलेला असतो, गल्लीत घासू नये म्हणून मिटलेला तो पुन्हा उघडायचा राहून गेलेला. आरशात आपल्याला चालकाचा चेहरा दिसत नसेल तर त्याला आपण दिसत नाही, ही खूण लक्षात ठेवावी. मोटारीच्या मागच्या दाराशी समांतर रेंगाळणे म्हणजे त्याच्या लेखी अस्तित्वातच नसणे. एकतर मागे राहावे, नाहीतर पुढे निघून जावे.

हॉर्नवर भिस्त ठेवणाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते की, काचा बंद करून गाणी ऐकणाऱ्याला तो ऐकू जात नाही, आणि ज्याला जातो त्याने या शहरात तो कधीच मनावर घेणे सोडलेले आहे. सायलेन्सर बदलून फटाके फोडीत जाणाऱ्या तरुणांनी सुरक्षिततेचे नाव पुढे करू नये. तो आवाज मागे राहणाऱ्यांच्या कानी बसतो. आडवा येणारा मोटारवाला पुढे असतो.

दिसण्याचे उपाय त्याहून साधे आणि स्वस्त आहेत. न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे झालेला एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. चकाकणारे किंवा प्रकाश परतवणारे कपडे घातलेल्या स्वारांत दुखापतीच्या अपघाताचा धोका शेकडा ३७ नी कमी आढळला, काळ्या हेल्मेटच्या मानाने पांढऱ्या हेल्मेटवाल्यांत २४ नी, आणि दिवसा दिवा चालू ठेवणाऱ्यांत २७ नी. दिव्याची काळजी आपल्याकडे सरकारनेच घेतली. एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींचा दिवा इंजिन सुरू होताच लागतो. त्यावर ‘दादा, लाइट चालू आहे!’ असे हटकणारे परोपकारी लोक पुढेही पुष्कळ दिवस भेटत राहिले. कपड्यांच्या बाबतीत मात्र आपला उलटा कारभार. ज्या दिवशी आभाळ काळे, रस्ता काळा आणि मोटारीची काच वाफेने धुरकट, नेमका त्या दिवशी आपण काळा रेनकोट घालतो. पिवळ्या रेनकोटाने मनुष्य हास्यास्पद दिसतो ही तक्रार मान्य केली, तरी तो दिसतो. आमच्या भगिनी उन्हापासून आणि धुरापासून वाचण्यासाठी तोंडाला स्कार्फ गुंडाळतात, त्याबद्दल आमची तक्रार नाही. फक्त तो डोळ्यांच्या कडेला इतका पुढे ओढू नये की शेजारची मोटार दिसेनाशी होईल.

हेल्मेटविषयी या गावात बोलणे म्हणजे विंचवाच्या नांगीवर बोट ठेवणे. २०१९ च्या आरंभी सक्ती सुरू झाली तेव्हा येथे काय गदारोळ झाला ते आपल्याला आठवत असेलच. ‘अरेबियाचा लॉरेन्स’ म्हणून गाजलेला इंग्रज अधिकारी मे १९३५ मध्ये मोटारसायकलवरून पडला, आणि डोक्याच्या दुखापतीने सहा दिवसांनी वारला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांपैकी एक ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद. त्यांनी पुढे हा प्रश्न हाती घेतला आणि १९४१ मध्ये सैन्यातील मोटारसायकलस्वारांवरचा आपला निबंध प्रसिद्ध केला. त्यानंतरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित हिशेब २००८ साली मांडला गेला. हेल्मेटने मृत्यूचा धोका शेकडा सुमारे ४२ नी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ नी कमी होतो. सक्ती असावी की नसावी यावर वाद घालणाऱ्यांनी तो खुशाल घालावा, पण वादाला जाताना हेल्मेट डोक्यावर आणि त्याचा पट्टा हनुवटीखाली असावा. कोपरात अडकवलेले हेल्मेट कोपराचे रक्षण करते.

आतापर्यंत आम्ही स्वारांशी बोललो. परंतु श्रोत्यांत मोटारीने आलेली मंडळीही आहेत, आणि सभा संपल्यावर त्यांना एक गोष्ट आजच करता येईल. लक्ष्मी रस्त्यासारख्या ठिकाणी कडेला लावलेल्या मोटारींची रांग असते, आणि तीमधले एखादे दार अचानक उघडते. स्वार दाराला धडकतो, किंवा दार चुकवताना मागून येणाऱ्या वाहनाखाली जातो. स्वाराने अशा रांगेपासून दाराच्या रुंदीइतके, म्हणजे निदान एक मीटर, अंतर राखावे. आत डोके दिसत असेल, किंवा मागचा लाल दिवा नुकताच विझला असेल, तर ते दार उघडणारच असे समजावे. पण गर्दीत एवढा मीटर त्याला दर वेळी कोठून मिळणार? मोटारीत बसलेल्यांनी दार उघडण्याचा हात बदलावा. उजवीकडे बसलेल्या चालकाने दार डाव्या हाताने उघडावे, आणि डावीकडून उतरणाऱ्याने उजव्या हाताने. लांबचा हात दाराच्या कडीकडे नेताना खांदा वळतो, खांद्याबरोबर मान वळते, आणि मागचा रस्ता आपोआप डोळ्यांसमोर येतो. नेदरलँड्स या सायकलींच्या देशाच्या नावाने ही रीत जगभर ओळखली जाते. तिला खर्च नाही, आणि मुलांना ती एका दिवसात शिकवता येते. मागच्या बाजूस बसलेल्या लहान मुलांना तर आवर्जून शिकवावी, कारण मोटार थांबताच सर्वांत आधी दार ढकलतात ती तीच.

अध्यक्षमहाराजांनी घड्याळ दाखवलेले आहे.  प्रश्न असतील तर खाली उतरल्यावर आम्ही दुचाक्यांच्या रांगेपाशीच भेटू.